जुना कॅमेरा किट घेऊ की नवीन मॉडेल? सिंहस्थाच्या आधी नाशिककरांसाठी सरळ हिशोब

सिंहस्थ २०२६-२८ चा आहे आणि ओळखीतल्या निम्म्या पोरांना त्याच्या आधी कॅमेरा घ्यायचाय. कुणाला गोदाघाटावर साधूंचे पोर्ट्रेट काढायचेत, कुणाला रील्स, कुणाला त्या निमित्ताने लग्नाच्या ऑर्डरी चालू करायच्यात. आणि प्रश्न सगळ्यांचा फिरून फिरून एकच, की दादा एक जुना किट मिळतोय, कॅनन ८०डी, दोन-तीन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, एक्स्ट्रा बॅटरी, सगळं, आणि थोडे पैसे वर टाकले तर नवाकोरा आर५० येतोय एका लेन्सवर, काय घेऊ?

मग उत्तर द्यायला दोन पार्ट्या हजर असतात. एक म्हणते डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे, ८०डी त्यातलाच) मेला, त्यात पैसे घालू नको. दुसरी म्हणते जुनं ते सोनं, त्या प्लास्टिकच्या खेळण्यात काय ठेवलंय. दोघंही बॉडीवरच भांडत बसतात. पण तुम्ही विकत घेताय तो अख्खा किट, म्हणजे बॉडी अधिक काच (लेन्स), आणि फोटोत काय येणार ते बऱ्याचदा काचेवर ठरतं. त्यामुळे कुठलं मॉडेल कुठल्या साली आलं हे जरा बाजूला ठेवू आणि आधी प्रकाशाचा हिशोब मांडू, कारण तो एकदा कळला की निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

लेन्सवर एफ १.८, एफ ४, एफ ६.३ असे आकडे असतात. आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं आणि आत येणारा प्रकाश जास्त. नवीन आर५० सोबत जी १८-४५ एमएमची (एमएमचा आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) किट लेन्स येते तिचं ४५ वर पूर्ण उघडलेलं भोक एफ ६.३ चं. जुन्या किटमध्ये बहुतेक वेळा एक साधी ५० एमएम एफ १.८ पडलेली असते, मालकाने कधीतरी हौसेने घेतलेली. या दोन आकड्यांत किती फरक? ६.३ ला १.८ ने भागा आणि जे येईल त्याला त्यानेच गुणा, साधारण १२ येतात. म्हणजे तेवढ्याच वेळात जुन्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, बारा पट प्रकाश पडतोय. रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीला उभे आहात, हात हलतायत, दिवे हलतायत, शटर स्पीड खाली आणता येत नाही. अशा वेळी किट लेन्सवाल्याला आयएसओ (कमी प्रकाशातला फोटो उजळ करायचा आकडा) १२८०० करावा लागला तर ५० वाल्याचं १००० च्या आसपास भागतं. आता १२८०० आणि १००० चे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, एकात चेहऱ्यावर रवाळ दाणे आणि रंग पुसल्यासारखे, दुसरा स्वच्छ. हा फरक भरून काढेल इतका काही सेन्सर मधल्या वर्षांत सुधारलेला नाही. ८०डी २०१६ चा, २४.२ मेगापिक्सेल. आर५० २०२३ चा, तोही २४.२ मेगापिक्सेल. सेन्सरची साइजही तीच, एपीएस-सी नावाची. उजेडात दोघांचे फोटो मिसळून दिले तर कुठला कुणाचा ते सांगता येणं अवघड आहे.

हां, एफ १.८ ला एक गोष्ट सांभाळायची. भोक मोठं केलं की फोकसमधला पट्टा पातळ होतो, एका माणसाला झकास, पण आठ जणांचा ग्रुप उभा केला की मधले चार स्पष्ट आणि कडेचे काका धूसर. ग्रुपला भोक बंद करावंच लागतं, मग परत आयएसओ वाढवा नाहीतर फ्लॅश मारा. फुकट काहीच नसतं.

म्हणजे जुनाच घ्यायचा का? थांबा, नव्याची बाजू अजून आलीच नाही, आणि ती तगडी आहे. ती फोकसची.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर तुमच्या डोळ्याकडे जातो. त्या आरशाचा मधला भाग थोडा आरपार असतो, त्यातून थोडा प्रकाश खाली एका वेगळ्याच फोकस सेन्सरकडे पाठवला जातो. म्हणजे फोकस ठरवणारा एक आणि फोटो घेणारा दुसरा. या दोघांच्या मापात जरा जरी उन्नीस-बीस झालं की फोकस डोळ्यावर लावला तरी बसतो कानावर, आणि हे एफ १.८ वर लगेच दिसतं. याला फ्रंट फोकस-बॅक फोकस म्हणतात, ८०डी, निकॉनच्या डी७२०० सारख्या बऱ्या बॉडीत ते मेनूमधून अ‍ॅडजस्ट करता येतं, अगदी स्वस्तातल्यांत येत नाही. शिवाय हे फोकस पॉइंट फ्रेमच्या मधल्या भागातच दाटीवाटीने बसलेले असतात. ८०डीला ४५, निकॉन डी७५० ला ५१, कॅननच्या ५डी मार्क ३ ला ६१, आकडे ऐकायला भारी पण कडेच्या माणसावर पॉइंट नेता येत नाही.

आर५० सारख्या मिररलेसमध्ये आरसाच नाही. जो सेन्सर फोटो घेतो त्यावरच फोकस मोजणारे पिक्सेल असतात, त्यामुळे दोन मापं जुळवायची भानगडच संपली. आणि सेन्सर सगळी फ्रेम सतत बघत असल्यामुळे कॅमेऱ्याला कळतं की हा माणूस आहे, हा त्याचा डोळा आहे, हा पक्षी आहे, आणि तो त्याच्या मागे मागे जातो. तुमचं काम फक्त फ्रेम सांभाळणं. ढोल पथक समोरून येतंय, ताशावाली पोरगी मान हलवत वाजवतेय, तिथं जुन्यावर दहातले चार शार्प आले तरी हात बसलाय म्हणायचं, नव्यावर नवशिका पण त्याहून जास्त काढेल. हे मी मिररलेसचा भक्त म्हणून नाही म्हणत, मला तर आरशाचा तो खट्ट आवाज अजूनही आवडतो, पण जे आहे ते आहे.

त्यातही एक गंमत आहे. कॅननने सेन्सरवरून फोकस करायची डुअल पिक्सेलची सोय २०१३ च्या ७०डी मध्येच आणली होती, ८०डीतही ती आहे. व्ह्यूफाइंडरमधून न बघता मागच्या स्क्रीनवर बघून काढलं तर ८०डी चेहरा बऱ्यापैकी धरून ठेवतो, व्हिडिओतही. फक्त व्हिडिओ १०८०पी पर्यंतच, फोरके नाही. डी७२०० आणि डी७५० मध्येही फोरके नाही, आणि स्क्रीनवर बघताना त्यांचा फोकस इतका मागे-पुढे करतो की व्हिडिओसाठी ते घेऊच नका. रील्स, यूट्यूब, मुलाखती हे तुमचं मुख्य काम असेल तर विषय संपला, नवीन घ्या. आर५० फोरके देतो तेही फ्रेमच्या कडा न कापता, स्क्रीन फिरून समोर येते, फोकस तोंड सोडत नाही. या कामाला जुन्या किटच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

आता पक्ष्यांचं बघू, कारण नांदूरमध्यमेश्वरचं नाव निघाल्याशिवाय नाशकात कॅमेऱ्याची चर्चा पूर्ण होत नाही. २०२० च्या जानेवारीत ते पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं आणि तेव्हापासून थंडीत चापडगावच्या मनोऱ्यांवर लेन्स मोबाइलपेक्षा जास्त दिसतात (जरा वाढवून सांगतोय). तिथं नवीन कॅमेरा पक्षी ओळखतो हे खरं, पण ४५ एमएमवर पाण्यापलीकडचा पक्षी म्हणजे एक ठिपका, ओळखून करणार काय? तिथं ३०० एमएम सुद्धा कमी पडते. एपीएस-सी सेन्सर छोटा असल्यामुळे निकॉनवर ३०० ची चौकट साधारण ४५० सारखी दिसते, कॅननवर ४८० सारखी, तरी लोक १५०-६०० घेऊन येतात. म्हणजे पक्ष्यांसाठी पैसे आधी लांब लेन्सला, मग बॉडीला. जुनी बॉडी आणि जुनीच लांब लेन्स अशी जोडी बसलेल्या पक्ष्याला पुरते. उडता पक्षी पाहिजे असेल तर पहिल्या थंडीत तुम्ही वैतागणार, हे धरून चाला.

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचा हिशोब परत वेगळा. तिथं सगळ्यात आधी बघायचं की कार्डाचे स्लॉट किती. डी७२०० ला दोन एसडी, ५डी मार्क ३ ला एक सीएफ (जुन्या पद्धतीचं जाड कार्ड) आणि एक एसडी, आर५० ला एकच. दोन स्लॉट असले की प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर लिहिता येतो, एक कार्ड उडालं तरी दुसरं असतं. मंगलाष्टकं काही तुमच्यासाठी परत म्हणणार नाहीत. बॅटरीचंही तसंच. डी७२०० एका चार्जवर कंपनीच्या मापाने १११० फोटो देतो, छोटे मिररलेस काही शेकड्यांवर गळतात, कारण त्यांची स्क्रीन किंवा आतलं छोटं व्ह्यूफाइंडर सतत चालू असतं. दिवसभराच्या लग्नाला दोन-तीन बॅटऱ्या वर घ्याव्या लागतात आणि ओरिजनल बॅटरी स्वस्त नसते, ते बजेटमध्ये आधीच धरा.

आणि लॉन्सवरची लायटिंग. मिररलेसवाले हळूच सायलेंट शटर लावतात, नवरा-नवरीला डिस्टर्ब नको म्हणून, आणि घरी येऊन बघतात तर फोटोभर आडवे पट्टे. होतं काय की सायलेंट मोडमध्ये सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो, त्याला थोडा वेळ लागतो, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. काही ओळी लाइट तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना, म्हणून पट्टे. बिघाड नाही हा, सायलेंट बंद करा बहुतेक वेळा काम भागतं. जुन्या डीएसएलआरला हा त्रास एवढा होत नाही, फार वेगवान शटर ठेवलं तर तिथंही उजेड कमी-जास्त येतो.

रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या मारणाऱ्यांचे फोटो काढायचेत? तिथं लोकांना वाटतं की जुनी प्रो बॉडी वेदरसील्ड (पाणी-धूळ अडवणारे रबर लावलेली) असते म्हणून बिनधास्त. असते, ५डी मार्क ३ ला सील आहेत, आर५० ला नाहीत. पण दहा-बारा वर्षांचं रबर आता कितपत धरतं कुणास ठाऊक, आणि पुढे लावलेली ५० एमएम एफ १.८ तर सील्ड नाहीच, पाणी तिथून जाईल. दोन्हीला प्लास्टिकची पिशवी बांधा, रबर बँड लावा, आणि रंगाच्या टप्प्याबाहेर उभे रहा.

आता मला स्वतःला सगळ्यात पटणारा रस्ता, जो या भांडणात कुणी काढत नाही. बॉडी नवी, काच जुनी. कॅननचा जुना ईएफ माउंट (लेन्स बॉडीला बसते ती खाच) १९८७ पासूनचा आहे, त्यामुळे बाजारात ईएफ लेन्सचा ढीग आहे, आणि डीएसएलआरवाले मिररलेसवर चाललेत म्हणून त्या बऱ्या भावात निघतात. आर सिरीजच्या बॉडीवर कॅननचा अ‍ॅडॉप्टर लावला की या लेन्स ऑटोफोकससकट व्यवस्थित चालतात. अ‍ॅडॉप्टरच्या आत काच नसते, नुसती नळी आणि कनेक्शन, त्यामुळे क्वालिटी घटत नाही. म्हणजे आज नुसती बॉडी किंवा किट लेन्ससकट घ्यायची, वर एक जुनी ५० एफ १.८ आणि अ‍ॅडॉप्टर. प्रकाशाचा हिशोबही सुटला आणि फोकसचाही.

निकॉनवाल्यांनी मात्र इथं जपून. त्यांचा एफ माउंट १९५९ पासूनचा, पण सगळ्या लेन्स सारख्या नाहीत. एएफ-एस लिहिलेल्या लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, त्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीला ऑटोफोकस करतात. जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, त्यांना बॉडीतला स्क्रू फिरवतो. डी७२०० मध्ये तो स्क्रू आहे म्हणून ५० एमएम १.८डी तिथं मस्त चालते, तीच डी३५०० किंवा डी५६०० वर लावली की हाताने फोकस करत बसा, एफटीझेडवरही तेच. विकणारा सांगतो 'सगळ्या निकॉनला बसते', आणि तो खोटं बोलत नसतो, बसते, फोकस करत नाही एवढंच. सोनीत हा घोळ कमी, २०१४ चा ए६००० आणि २०१९ चा ए६४०० दोघांना एकच ई माउंट, सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सही भरपूर.

पुढे विकायचा विचारही आजच करा. कॅनन आणि निकॉन दोघांचंही नवं काम आता मिररलेसवर चाललंय, निकॉनचे डी७८० आणि डी६, कॅननचा १डी एक्स मार्क ३, हे मोठे डीएसएलआर सगळे २०२० चेच. जुन्या डीएसएलआर बॉडीचा भाव खालीच जाणार. नवीन बॉडीचा पण पहिल्या वर्षी चांगलाच पडतो, तो फटका तुम्ही स्वतः खाता, जुन्यात तो आधीच्या मालकाने खाल्लेला असतो. चांगली काच मात्र भाव धरून राहते. म्हणून माझं मत, पैशाचा मोठा वाटा काचेत घाला, बॉडी बदलत राहते.

जुनं घ्यायचं ठरलं तर तपासणी नीट करा, आणि इथं घाई नको. विकणारा संध्याकाळी कॉलेज रोडच्या कुठल्यातरी मंद दिव्यांच्या कॅफेत बोलावतो, तिथं काही दिसत नाही, दुपारी उघड्यावर भेटा. लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून बघा. बारीक धूळ दिसेल, ती चालते, फोटोत येत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे काचेच्या कडेपासून आत पसरलेले दिसले तर ते फंगस, सरळ नाही म्हणा. ते काचेवरचं कोटिंग खातं, साफ केलं तरी डाग राहू शकतो. आणि विचारायला लाजू नका की पावसाळ्यात लेन्स कुठं होती. इगतपुरी-त्र्यंबककडची असेल आणि चार महिने चामड्याच्या बॅगेत कपाटात असेल तर टॉर्च दोनदा मारा.

मग लेन्स लावून एफ २२ करा, आकाशाचा एक फोटो काढा, झूम करून बघा. सेन्सरवर काही असेल तर काळे ठिपके दिसतील, दोन-चार ठिपके साफ होतात, ओरखडा होत नाही. एक फोटो झाकण लावून काढा, लाल-पांढरे चमकते ठिपके किती ते बघा. बॅटरीचं वय मेनूत दिसतं, निकॉनच्या डी७२०० सारख्यांत ० ते ४ असा आकडा, ० म्हणजे नवी, कॅननच्या ८०डी सारख्यांत तीन चौकोन, हिरवे तिन्ही असले तर छान, लाल असेल तर नवीन बॅटरीचे पैसे भावातून कमी करा. सीएफ कार्डाचा स्लॉट असेल तर आतल्या बारीक पिना टॉर्चने बघा, एक वाकली की झाला खर्च.

शटर काउंट (शटर आतापर्यंत किती वेळा उडालं तो आकडा) सगळे विचारतात आणि त्यावरच अडून बसतात. ८०डीचं शटर कंपनी एक लाखाचं धरते, डी७२०० आणि ५डी मार्क ३ चं दीड लाखाचं. ही काही एक्सपायरी डेट नाही, त्याच्या पुढेही चालतात आणि आधीही जातात. निकॉनचा आकडा एडिट न केलेल्या फोटोच्या माहितीतच लपलेला असतो, वेबसाइटवर फोटो टाकला की दिसतो. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरला लॅपटॉपला लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो, म्हणून लॅपटॉप आणि केबल घेऊनच जा. आणि काउंट कमी म्हणजे कॅमेरा कमी वापरलाय असं नाही, कुणी त्यावर नुसता व्हिडिओच केला असेल तर शटर फारसं चाललेलंच नसतं.

बिल मागाच. बिलावरचा, बॉक्सवरचा आणि बॉडीखालचा सिरीयल नंबर तिन्ही एक पाहिजेत. नवीन घेताना पण 'बिल नको असेल तर कमी करतो' म्हणणाऱ्या दुकानापासून लांब रहा, बाहेरून आणलेल्या पीसला इथली वॉरंटी मिळत नाही. आणि जुना फ्लॅश घरात असेल तर दुकानात नेऊन नव्या बॉडीवर बसवून बघा, काही नव्या छोट्या बॉडीवर जुने किंवा दुसऱ्या कंपनीचे फ्लॅश थेट पेटत नाहीत.

फक्त सिंहस्थापुरताच कॅमेरा पाहिजे असेल तर विकत घेऊच नका, भाड्याने घ्या. पण पर्वणीच्या आठवड्यात शोधायला निघालात तर काही मिळणार नाही, आधी बोलून ठेवा. आणि एकदा भाड्याने वापरलात की जुना-नवा हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, कारण तुमच्या हाताला काय नडतंय, अंधार की फोकस, ते घाटावर दोन तासांत कळतं.

घेतल्यावर लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रता मीटर टाकून, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिलं पाहिजे. तांदूळ भरू नका, त्याचं पीठ झूमच्या रिंगमध्ये जातं. पुड्यांचा रंग बदलला की वाळवून परत टाका. आणि जून ते सप्टेंबर अधूनमधून लेन्स बाहेर काढून वापरा.